खड्ड्यात कुणी नाही

ऑफिसात तिला सगळे ‘अर्धवट’ म्हणायचे, आणि तीही हसून ओ द्यायची. कारण तिचा प्रोग्राम अर्धवट माहितीवर चालायचा, आणि त्याचा तिला कोण अभिमान! गोदामातल्या मालाच्या लिफ्टसाठी होता तो. दार बंद आहे, वजन मर्यादेत आहे, खालच्या खड्ड्यात कुणी नाही, अशी तीन विधानं. प्रत्येकाला तिने दोन कप्पे दिले होते: एकात कळलंय की नाही, दुसऱ्यात खरं की खोटं. दार उघडं आहे एवढं कळलं, की बाकीचं न कळताही लिफ्ट थांबवता यायची. हलवायची तर मात्र तिन्ही खरी ठरायलाच हवीत. “न कळणं म्हणजे ‘नाही’ नव्हे गं बायांनो,” ती जेवतानासुद्धा सुरू व्हायची, आणि पोरी डबे उचलून पळायच्या.

कंपनी थोरल्या बहिणीची. ताईनेच तिला शिकवलं, कामाला लावलं, नवरा गेल्यावर घरात घेतलं. ताई म्हणजे तिचा देवच म्हणा ना.

आता झालं काय, खड्ड्यातला सेन्सर जुना. तो मधूनच गप्प बसायचा, आणि लिफ्ट जागीच! गोदामवाला फोनवरून आकाशपाताळ एक करायचा.

“सेन्सर बदलायला सांग,” ती म्हणाली.

“अगं, तेवढी रिकामी जागा भरून टाक ना,” ताई म्हणाली.

“मी मेले तरी भरणार नाही.”

ताई हसली. विषय संपला असं हिला वाटलं.

संपतोय कुठला! ताईने स्वतः बसून बदल केला: सेन्सर गप्प असेल, तर खड्ड्यात कुणी नाही असं धरायचं. थोड्याच दिवसांत मेकॅनिक खड्ड्यात उतरला, सेन्सर गप्प बसला आणि लिफ्ट खाली आली. पाय गेला बिचाऱ्याचा.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी ताई ओट्याला धरून ढसाढसा रडली. “माझ्या हातून झालं गं.” हिने तिला जवळ घेतलं, तोंड धुवायला लावलं, दोन घास भरवले. “खरं सांगून टाक ताई. मी आहे.” ताईने मान डोलावली.

आणि दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यासमोर ताई शांतपणे म्हणाली, “तो भाग माझी धाकटी बहीण बघते. बदल तिनेच केला.”

सख्ख्या बहिणीने केसाने गळा कापला! ही ताईकडे बघतेय, ताई खिडकीकडे.

“बाई, तुमचं काय म्हणणं?” अधिकाऱ्याने विचारलं.

“बदल ताईने केला. काल तिनेच मला सांगितलं.” ती म्हणाली.

घरी येऊन ती बॅग भरत होती, तेवढ्यात आईचा फोन आला. ताईने आधीच गाठलं होतं तिला.

“खाल्ल्या घरचे वासे मोजलेस की गं!”

“आई, अगं, काय झालं ते मला विचारशील तरी?”

“मला सगळं कळलंय,” आई म्हणाली, आणि तिने फोन ठेवून दिला.