फक्कीताईंची भिंत

फक्कीताईंवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, होळीच्या आदल्या सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका सरकारी दवाखान्यात त्यांनी उभी केलेली बांबूच्या कुडाची भिंत ठेकेदाराच्या माणसांनी उखडली आणि गाड्यांच्या शेडमागे नेऊन टाकली. दिवस बरोबर निवडला होता. त्या आठवड्यात सगळा डोंगर होळीआधीच्या आदिवासी बाजाराला, भोंगऱ्याला, उतरलेला असतो, अडवायला होतं कोण? एक नर्सताई. तिनं मला फोन केला. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही, कारण तिची बदली करायला तेवढं निमित्त पुरेल.

फक्कीताई इंटिरियर डिझायनर होत्या. हो, नंदुरबारमध्ये. हसू नका, लोकांचं हसून झालंय. बरीच वर्षं गावात त्यांची ओळख 'पडदावाली ताई' एवढीच होती. फक्कीताई हे नाव पडलं ते मैदान आखायच्या चुन्याच्या फक्कीवरून. कागदावर काही काढायच्या आधी त्या फक्कीची पिशवी घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जात आणि सगळं घर जमिनीवर खऱ्या मापात आखत. इथं सोफा, इथं कपाट, इथं ओटा. मग घरच्यांना सांगत, आता संध्याकाळपर्यंत यात राहून दाखवा. कुणी रेघ ओलांडली की शांतपणे म्हणत, "भिंतीतून गेलात."

ब्राह्मणपुरीच्या एका आप्पांचा बंगला मला चांगला आठवतो. पपईनं हात दिला होता, दोन मुलं नोकरीला लागली होती, आणि आप्पांना टीव्हीवरच्या मालिकेतला हॉल हवा होता. सोफा सुरतेहून यायचा होता. ताईंनी हॉल आखला. आप्पा रेघांच्या आत ऐटीत फिरले, कोपऱ्यात थांबले आणि पडेल आवाजात म्हणाले, "पन ताई, मन्ही खाट कोठे शे?" ताई म्हणाल्या, "आप्पा, पहिली रेघ तुम्हनी खाटनीच शे." खरंच होती. आपल्याकडचे बाकीचे डिझायनर खाट लपवतात आणि घरमालक महिनाभरात ती हॉलमध्ये परत ओढून आणतो. ताई खाट आधी आखत आणि बाकीचं घर तिच्याभोवती.

पण त्या दिवशी खरी गोष्ट नंतर घडली. आप्पांच्या मंडळी चहा घेऊन आल्या आणि रेघेशी थबकल्या. ट्रे पुढे केला, पाय नाही. ताईंनी विचारलं, "माय, तुम्ही कोठे बठतस?" त्या म्हणाल्या, "तठे पाव्हणा बठतीन. मी दारना मांगे उभी ऱ्हास." ताईंनी वाद घातला नाही. मी तिथं होते, माझ्या ओठांवर आख्खं भाषण आलं होतं. ताईंनी चपलेनं एक रेघ पुसली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी एक बैठक आखली, पाठीला भिंत, समोर सगळा हॉल. आज त्या घरात पाहुणे आले की माय तिथं बसतात आणि सगळ्यांच्या बोलण्यात बोलतात. आप्पा सांगतात, कल्पना त्यांचीच होती.

ताईंनी आयुष्यात एकही भिंत लाल रंगवली नाही. त्यांची आई मिरचीच्या पथारीवर कामाला होती. वाळत घातलेल्या मिरचीतून देठ खुडायचे, दिवसभर, तोंडाला पदर बांधून. बाहेरून येणारे पाहुणे त्या पथारीचे फोटो काढतात, केवढा सुंदर रंग म्हणतात. हॉटेलवाल्या एका शेठनी लाल भिंतीचा हट्टच धरला, तेव्हा ताईंनी काम सोडलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "लाल पाहिला की मला खोकला येतो." शेठना वाटलं ॲलर्जी आहे.

त्यांची माझी गाठ पडली ती मी त्यांच्या ऑफिसच्या भिंतीवर न विचारता पत्रक चिकटवत होते तेव्हा. मला वाटलं ओरडतील. त्यांनी पत्रक सरळ केलं, माझ्या हातातलं दुसरं घेतलं आणि लांब धरून बघितलं. आमचं पत्रक कसं असतं तुम्हाला माहीत आहे: कडेपासून कडेपर्यंत अक्षरं आणि दर ओळीला उद्गारचिन्ह. म्हणाल्या, "एवढी दाटी का केलीस गं? वाचणाऱ्याला बसायला जागा ठेव." मी म्हटलं, कागद महाग आहे. त्या म्हणाल्या की म्हणूनच. त्यानंतर आमच्या संघटनेची सगळी पत्रकं त्यांच्या ऑफिसात जुळली. मी आत शिरले की त्या कारागिरांना सांगत, पंखा बंद करा, वारा आला.

एकदा नवापूरहून परत येताना त्यांनी नंदुरबार स्टेशनसमोर स्कूटी थांबवली. गुजरातला मजुरीला निघालेली डोंगरातली कुटुंबं गाडीची वाट बघत होती. बाकडी रिकामी होती, माणसं जमिनीवर. मी लगेच सुरू झाले, स्थलांतर, रोजगार हमी, सरकार. ताईंनी मला गप्प केलं. एका कुटुंबानं वाऱ्याच्या बाजूला मोठं गाठोडं ठेवलं होतं, दुसरं रस्त्याच्या बाजूला, बाई भिंतीला टेकून आणि पोर मधे झोपलेलं. "बघ," त्या म्हणाल्या, "दोन गाठोड्यांत खोली बांधली त्यांनी. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही." पुण्याहून मासिकं मागवणारी ही बाई शिकायची मात्र अशा ठिकाणी.

नर्मदेकाठच्या मणिबेलीला आम्ही बोटीनं गेलो, तेही तसंच. मी पत्रकं वाटायला, त्या भिंती बघायला. जुनं घर धरणाच्या पाण्यात गेल्यावर वर टेकडीवर नवं बांधलेली एक म्हातारी होती. तिच्या घरात ताई दुपारभर नुसत्या बसल्या. नदीकडच्या बांबूच्या कुडाला तिनं शेणमाती लिंपलीच नव्हती. ती हसत म्हणाली, आतून सगळा काठ दिसतो, कोण येतंय ते कळतं, आणि बाहेरच्याला मी दिसत नाही. ताईंनी आत-बाहेर जाऊन खात्री केली.

ती भिंत दवाखान्यात आली. बाळंतपणाआधी काही दिवस डोंगरातल्या बायकांनी खाली येऊन थांबावं म्हणून तिथं एक खोली होती. बायका यायच्या आणि संध्याकाळपर्यंत निघून जायच्या. तेव्हाचे डॉक्टर भले होते, त्यांनी ताईंना बोलावलं. ताईंनी फक्की टाकली, खाटा आखल्या, आणि आलेल्या बायकांना फिरून बघायला सांगितलं. त्या हसून लोटपोट झाल्या. एक मात्र सगळ्या रेघा ओलांडून रिकाम्या कोपऱ्यात गेली आणि भिंतीला टेकून बसली. लांबलचक बुटका ओटा तिथंच झाला. मागच्या पडवीत चूल झाली, कारण सासू बरोबर येणार आणि सासू स्वतःच्या हातची भाकर करणार. आणि अंगणाच्या बाजूला कूड, न लिंपलेला. बायका थांबू लागल्या. आत अंधारात निवांत बसून अंगणातला प्रत्येक माणूस निरखायच्या आणि डॉक्टरांच्या चालीची नक्कल करायच्या.

डॉक्टर बदलून गेले. मग कुणी मोठा पाहुणा येणार म्हणून तो सोमवार उगवला. ओटा फोडला, चूल फोडली. चकचकीत फरशी, एकमेकींना जोडलेल्या लोखंडी खुर्च्या, कुडाच्या जागी काच. ताई धावत गेल्या. नवे साहेब म्हणाले, हे झोपडीसारखं दिसत होतं, बाईला आपण सरकारी दवाखान्यात आलोय असं वाटायला हवं. ताई एवढंच म्हणाल्या, "साहेब, तसं वाटतं म्हणूनच ती परत जाते."

पावसाळ्यात एक पोरगी सासूबरोबर आली. काचेतून केसपेपरच्या रांगेतली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. ती खुर्चीवर बसली नाही. बाहेर मोटारसायकलींच्या स्टँडपाशी बसून राहिली आणि नर्सताई विनवत असताना दुपारच्या जीपनं परत गेली. घाटात जीपमध्येच बाळंत झाली. बाळ राहिलं नाही.

हे कळलं तेव्हा मी ताईंच्या ऑफिसात होते. मी मोठमोठ्यानं पत्रकाचा मथळा जुळवायला लागले. ताईंनी विचारलं, "स्टँडपाशी तिला पाठ टेकायला काही होतं का?" मी म्हटलं, नव्हतं.

त्यानंतरही त्यांनी कामं घेतली, पण फक्कीची पिशवी माळ्यावर गेली. सगळं कॉम्प्युटरवर आखायच्या, गिऱ्हाइकाला फोनवर पाठवायच्या. मी भांडले. म्हणाल्या, "माणसाला बसवून विचारायचं आणि मग त्याच्याखालची जागा काढून घ्यायची. कुठल्या तोंडानं विचारू?"

दिवाळीनंतर पोटाचं दुखणं निघालं. सुरतेला नेलं. मी भेटायला गेले तेव्हा उताण्या पडून छताकडे बघत होत्या. दिवा बरोबर डोळ्यांवर होता. म्हणाल्या, ज्यानं हे छत काढलं तो इथं कधी आडवा झालेला नाही. मी हसले, त्याही हसल्या, आणि हसताना त्यांना कळ आली. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "कूड भिजू देऊ नको गं." थंडी सरायच्या आत त्या गेल्या. बावन्न वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. मला अजून त्यांच्या ऑफिससमोरून जाता येत नाही, मी मागच्या गल्लीनं जाते.

कूड भिजलेला नाही. नर्सताईनं आणि मी गेल्या पावसाळ्याआधीच ताडपत्री घातली होती, बांबू खणखणीत आहेत. साहेबांना भेटून आले. ते म्हणतात, काच काढायला हरकत नाही, पण लोकांची मागणी कुठं आहे?

लोक म्हणजे तुम्ही. ज्यांच्या घरात ताईंनी स्वयंपाकघर केलं ते, ज्यांनी त्यांना पडदावाली म्हटलं ते, आणि ज्यांनी हे इथपर्यंत वाचलं ते. येत्या रविवारी सकाळी शहाद्याच्या बसस्थानकावर या, तिथून मी घेऊन जाते. रुमाल-टोपी घालून फोटोला येणार असाल तर येऊ नका. पहार आणा, काथ्या आणा, आणि घरातल्या एका बाईला बरोबर आणा. कूड किती उंचीवर बांधायचा ते तिनं जमिनीवर बसून सांगायचं आहे. हे विचारणारं आता तिथं कुणी उरलेलं नाही, तेव्हा तुम्ही विचारा, आणि ती सांगेल तिथं बांधा.