निळी फरशी आणि अर्धा मनोरा

फरशीवरून भांडू नये, ती पायाखालीच राहते, असं माझं साधं मत होतं. बेसा रोडवर आमच्या घराचं काम चाललं होतं आणि हॉलसाठी पांढऱ्या चकचकीत टाइल्स पसंत करून मी मोकळा झालो होतो. बायकोला, म्हणजे नंदाला, निळ्या नक्षीची फरशी हवी होती. त्या दिवसांत आमच्याकडे वरणात मीठ कमी पडलं तरी विषय फरशीवर जायचा. शेवटी टाइल्सच्या दुकानदारानं (हा माणूस मला आजही रस्त्यात भेटू नये) तिला सांगितलं, की अशी नक्षी खरी पाहायची तर इंग्रजांच्या काळातल्या जुन्या कॅथेड्रलमध्ये जा. शिवाय तिथल्या मनोऱ्यावरून सारं नागपूर दिसतं.

हे ऐकून माझे वडीलही निघाले. बाबा नरखेडकडचे. सत्तरी ओलांडली तरी संत्र्याच्या बगीच्यात शिडी लावून चढतात. त्यांना फरशीशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना उंचावरून नागपूर बघायचं होतं, आणि त्यांना कोणी थांबवू शकत नाही. मी थांबवून पाहिलं. मग मीच गाडी काढली.

फरशी सुरेख होती, हे मी आज लिहितो. त्या दिवशी मेलो तरी म्हटलं नसतं. तांबूस चौकोन आणि त्यात निळी फुलं. वरून रंगवलेली नाहीत, मातीतच भरलेली, त्यामुळे इतक्या लोकांच्या पायांनी झिजूनही फुलं जागच्या जागी. नंदानं पर्समधून बटर पेपर काढला. (घरूनच आणला होता. म्हणजे कट जुना!) आणि ती मधल्या वाटेत सरळ पालथी पडून पेन्सिलनं नक्षी उतरवायला लागली.

समोर वेदीजवळ गाण्याची तालीम करणारे लोक जमले होते. त्यांतल्या एक वयस्कर बाई पाण्याचा ग्लास घेऊन लगबगीनं आल्या. त्यांना वाटलं, हिला चक्कर आली. मी सांगितलं, तिला काही झालेलं नाही, ती फरशी बघते आहे. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू हिला मीच पाडलंय आणि वर थापा मारतो आहे. तिथं माझा पारा चढला.

मनोऱ्याचं दार उघडताना रखवालदार काकांनी बजावलं, की जिना अरुंद आहे, एकेकानं जा. त्यांचं बोलणं संपायच्या आत बाबा शिरले. त्यांच्यामागे नंदा, आणि दोघांना सांभाळायला कोणीतरी हवं म्हणून मी. गोल दगडी जिना, जवळजवळ अंधार, माझ्या नाकासमोर नंदाच्या टाचा. अर्ध्या वाटेत त्या टाचा थांबल्या. वरून बाबांनी कळवलं, की ते जरा दम खाऊन राहिले. मला त्यांना ओलांडून वर जाता येईना, आणि पाठीमागची पायरी दिसत नसल्यानं उलटं उतरायचा धीर होईना.

"मी इथं काहून आलो?" मी विचारलं.

"फरशी पाहाले," नंदा म्हणाली.

"जिन्यात फरशी आहे का?"

"नसंल पाहाची तर उतरा खाली."

उतरता येत नव्हतं, हीच तर अडचण होती! मग मी बोलायला लागलो. तिच्या भावानं घरात नक्षीची फरशी लावली तर त्याचं घर सरकारी संडासासारखं दिसतं, हे मी सांगितलं. तिला घर नको, प्रदर्शन पाहिजे, हेही सांगितलं. दगडी भिंतींमुळे माझा आवाज मलाच भारी वाटत होता, म्हणून मी तो आणखी वाढवला. नंदानं आधी शांतपणे ऐकलं. मग तिनं माझ्या पसंतीचा इतिहास काढला. मी घेतलेल्या सोफ्यावरून पाहुण्याला दोन्ही हात धरून ओढून उठवावं लागतं. मी आणलेल्या पंख्याचा वारा छताला लागतो. मी निवडलेल्या रंगानं आमची बेडरूम दवाखान्यासारखी दिसते आणि झोपलेला माणूस पेशंटसारखा. आणि शेवटी, एकेक शब्द सुटा करून, ती म्हणाली, "आजवर तुम्ही जे जे पसंत केलं, त्याच्यात मीच एक बरी निघाली."

खालून हसू ऐकू आलं. एकट्यादुकट्याचं नाही, चांगलं भरघोस.

तेव्हा मला ते दिसलं. पायरीच्या कडेला घंटेच्या दोरासाठी भोक होतं, आणि त्यातून चर्चमधला उजेड वर येत होता. उजेड वर येत होता, तसा आमचा आवाज खाली जात होता. आणि तालमीचं गाणं केव्हाचं बंद पडलं होतं.

मी बाबांना म्हटलं, चला, वर तरी जाऊ. उत्तर आलं नाही. नंदानं हात लावून पाहिलं तर पुढची पायरी रिकामी! आम्ही भांडत असताना बाबा कधीच वर पोचले होते. नंदाही त्यांच्यामागे तरातरा गेली. मलाही जाता आलं असतं. पण एवढ्या रागात वर कोण जातो? मी बसलो, आणि बसल्या बसल्या एकेक पायरी घसरत खाली आलो.

चर्चमध्ये सगळे गाणारे डोकं खाली घालून फरशी बघत होते. एवढ्या माणसांना एकदम फरशी आवडावी, याचाही मला राग आला.

बऱ्याच वेळानं दोघं उतरली, अगदी खुशीत. बाबा सांगत होते, की फुटाळा तलाव ताटलीसारखा चमकते, मेट्रो अळीसारखी सरकते. "अन् तुह्या आवाजानं सारे कबुतरं उडाले गा," ते मला कौतुकानं म्हणाले. नंदाच्या हातात बटर पेपरची गुंडाळी होती, आणि केसांत मनोऱ्यावरचा वारा अजून होता. ती चांगली दिसत होती. याचा राग करता येईना, तेव्हा मी तिच्याजवळ गेलो आणि अगदी हळू आवाजात म्हणालो, "निळीच घेऊ."

"भाऊ," गाणाऱ्यांतला एक दाढीवाला मोठ्या अदबीनं म्हणाला, "इकडं ऐकू नाही आलं."

मग मी तेच पुन्हा म्हणालो, जिन्यातल्या आवाजात.