मोह आणि तेंदूच्या मधले दहा दिवस

सकाळचे सहा वाजले होते. मिक्सरमध्ये डिझेल भरलेलं, वाळू-गिट्टीचे ढीग मोजून लावलेले, सिमेंटची पोती ताडपत्रीखालून बाहेर काढलेली. आणि पन्नास मजुरांपैकी साइटवर एकही नाही. मी, मिक्सरचा ऑपरेटर आणि चौकीदाराचं कुत्रं, एवढीच हजेरी. ऑपरेटरने दोनदा विचारलं, "साहेब, स्टार्ट मारू काय?" तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नाही. बिडी पेटवून तो आडोशाला जाऊन बसला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलातल्या एका नाल्यावर तीन गाळ्यांचा पूल बांधायचं काम आमच्या कंपनीला मिळालं होतं. पावसाळ्यात पलीकडची चार गावं तुटायची. मी अकरा महिन्यांच्या काँट्रॅक्टवर होतो. ऑर्डरवर लिहिलेलं पद प्रोजेक्ट मॅनेजर, पण साइटवर इंजिनिअर, स्टोअरकीपर, टायपिस्ट आणि कधीकधी स्वयंपाकीही मीच.

त्याआधी मी अशीच दोन काँट्रॅक्टं केली होती. वडशाला तांदळाचं गोदाम, माजरीला खाणीच्या वर्कशॉपची शेड. दर अकरा महिन्यांनी वळकटी बांधायची आणि नवीन जागी नव्याने 'तुम्ही कोण?' पासून सुरुवात. बायको शशिकला आणि दोन वर्षांची मुलगी वरोऱ्याला माझ्या आईवडिलांकडे. शशी दर महिन्याला पत्र लिहायची आणि पत्राच्या शेवटी मुलीचं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ मारून पाठवायची. मी स्टीलची पट्टी घेऊन ते पाऊल मोजायचो आणि साइट डायरीत लिहून ठेवायचो. फेब्रुवारीत बारा सेंटिमीटर आठ मिलिमीटर भरलं होतं. पोरीला चालताना मी एकूण सहा-सात दिवस पाहिलं असेल.

कंपनीच्या मालकांना सगळे भैयासाहेब म्हणत. जानेवारीत साइटवर आले तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "रामटेके, पावसाच्या आधी तिन्ही स्लॅब टाक. जूनपासून तुला नागपूरच्या ऑफिसात परमनंट करतो. क्वार्टर पण देतो." मी त्याच दिवशी शशीला पत्र टाकलं. तिने उलट टपाली विचारलं, क्वार्टरला अंगण आहे का? मला ठाऊक नव्हतं. आहे, म्हणून मी ठोकून दिलं.

तर त्या सकाळी पहिल्या गाळ्याचा, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाचा, स्लॅब टाकायचा होता. स्लॅब टाकणं म्हणजे लोखंडाच्या जाळीवर काँक्रीट ओतणं. एकदा सुरू केलं की मधे थांबता येत नाही, नाहीतर जुन्या-नव्याचा सांधा कच्चा राहतो. आणि एप्रिलच्या उन्हात काँक्रीटमधलं पाणी भराभर उडून भेगा पडतात, म्हणून काम पहाटेच सुरू करावं लागतं. हे सगळं माझ्या बार चार्टवर होतं. बार चार्ट म्हणजे कोणतं काम कधी सुरू, कधी संपणार हे आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता. चार्टवर मला फार अभिमान होता. वडशाला धानकापणीच्या दिवसांत मजूर गायब होतात हे शिकलो होतो, म्हणून नोव्हेंबरच मी मोकळा ठेवला होता. म्हटलं, आपल्याला आता इथली माणसं कळली.

अकरा वाजता तानाबाई आली. ती मजुरांची मुकादम. चाळिशीची, उंच, बोलताना समोरच्याकडे न बघता कामाकडे बघणारी. मागोमाग सगळी गँग. सगळ्यांच्या बोटांना गोड, आंबूस वास.

"तानाबाई, हे काय? सहाची वेळ होती ना!"

"सकारी कोन येते, साहेब? मोह पडून राह्यला."

"एक दिवस फुलं नसती वेचली तर?"

"मोह का थांबते आपल्यासाठी? अंधार असताच जा लागते. ऊन वर आलं का ढोरं खातेत सारा." मग तिने माझ्या हातातल्या चार्टकडे पाहिलं. "तुमच्या कागदावर मोह नाई का?"

नव्हता. बिडीसाठी तोडतात तो तेंदूपत्ताही नव्हता. मी वरोऱ्याचा, कपाशीच्या मुलखातला. शेताचं कॅलेंडर मला पाठ होतं, जंगलाचंही एक कॅलेंडर असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मीच कुणाला विचारलं नव्हतं. डिसेंबरपासून तानाबाई माझ्यासमोर घमेली मोजत उभी होती आणि मी तिला फक्त आकडा विचारत होतो.

मी मिक्सर झाकायला सांगितला आणि तिथेच गिट्टीच्या ढिगावर बसलो. "बाई, आता नीट सांगा. मोह किती दिवस?"

"अजून पंधरा-सोरा दिवस."

"मग?"

"मंग तेंदू लागते. पत्त्याच्या दिवसात तर घरी मांजर बी रायत नाई."

"आणि या दोन्हींच्या मधे?"

तिने बोटांवर मोजलं. "आठ-दहा दिवस खाली असतेत. तवा या म्हनसान तवा येतो."

माझा हिशेब असा होता: एका गाळ्याचा स्लॅब टाकायचा, वीस दिवसांत काँक्रीट पक्कं झालं की खालचे टेकू काढून दुसऱ्या गाळ्याला लावायचे, मग तिसऱ्याला. टेकूंचा सेट एकच. दहा दिवसांत तिन्ही स्लॅब उरकायचे तर तीन सेट हवेत. दुपारी बस पकडून धानोऱ्याच्या पोस्टात गेलो आणि ट्रंक कॉल लावला.

"मोह?" भैयासाहेब ओरडले. "अरे, तू तिथी पूल बांधून राह्यला का मोह वेचून राह्यला?"

"साहेब, अजून दोन सेट पाठवा. तिन्ही स्लॅब एका आठवड्यात टाकतो."

"दोन सेट? पंचवीस वर्षं एका सेटवर पूल बांधले आपण! ते नाई जमत. उद्या ट्रकभर लेबर पाठवतो बाहेरून."

बाहेरची ट्रकभर माणसं त्या जंगलात ठेवायची कुठे, त्यांना पाणी कुठलं द्यायचं? आणि तानाबाईच्या गँगला एकदा घरी बसवलं की पुढे ती माझ्यासाठी कशाला येईल? मी म्हटलं, "साहेब, सेट मी आणतो. तुम्ही फक्त लेबर पाठवू नका." समोरून खोल श्वास ऐकू आला. मग, "नाई झालं ना रामटेके, तर जूनची गोष्ट विसरून जाय." फोन बंद झाला.

सेट आणतो म्हणालो खरा, पण कुठून ते ठरलेलं नव्हतं. बसमध्ये परत येताना माजरी आठवली. तिथल्या शेडचं काम संपल्यावर लोखंडी टेकूंची थप्पी स्टोअरच्या मागे नुसतीच पडून होती. तिथले स्टोअरकीपर बोरकरभाऊ. वर्षभर आम्ही एका डब्यात जेवलो होतो. पहिल्या महिन्यात मला सामानाची नोंद कशी ठेवायची हे त्यांनीच रागावून रागावून शिकवलं होतं. मी माजरीला गेलो. तिथल्या कंपनीच्या परवानगीचा कागद होईपर्यंत दोन दिवस त्यांच्याच घरी राहिलो. परतीच्या वाटेवर वरोरा लागतं. तिथल्या स्टँडवर बस दहा मिनिटं थांबली. घर तिथून चालत वीस मिनिटांवर. मी खाली उतरून चहा घेतला आणि परत चढलो. टेकूंचा ट्रक संध्याकाळी साइटवर पोचणार होता, उतरवून घ्यायला मी नसतो तर तो तसाच परत गेला असता आणि दुसरा आठवडाभर मिळणार नव्हता. ती दहा मिनिटं मी आजही विसरलेलो नाही.

मोहाचे उरलेले दिवस गँग दुपारी तीनला यायची. तेव्हा तिन्ही गाळ्यांचे टेकू उभे केले, फळ्या ठोकल्या, लोखंड बांधलं. मोह सरला. पहिल्या स्लॅबच्या दिवशी मी साडेपाचला साइटवर पोचलो तर पन्नासच्या पन्नास माणसं आधीच येऊन बसलेली.

"इतक्या लवकर?"

"महिनाभराची सवय, साहेब. डोरा उघडतेच," तानाबाई म्हणाली.

आठ दिवसांत तिन्ही स्लॅब झाले. एकही सांधा कच्चा नाही. मग नवीन काळजी. काँक्रीट टाकल्यावर दोन-तीन आठवडे ते ओलं ठेवावं लागतं, त्याला क्युरिंग म्हणतात. आणि गाव तर तेंदूपत्त्यावर निघालेलं. तानाबाईने जंगलात चालणं झेपत नाही अशा चार म्हाताऱ्या आणून उभ्या केल्या. त्यांनी स्लॅबवर मातीचे बांध घालून धानाच्या बांदीत भरतात तसं पाणी भरलं आणि रोज माझी परीक्षा घेतली. पोरगी केवढी? बायको एकटी काऊन ठेवली? मी डायरीतली पावलं दाखवली. एकीने त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे नाई पुरत बाप्पा. घरी जाय."

मेच्या अखेरीस टेकू निघाले. भैयासाहेब आले, पुलावरून जीप नेऊन परत आणली, खाली उतरून मला मिठी मारली. मी जूनची गोष्ट काढली.

"ऑफिसात?" ते खरोखरच चकित झाले. "अरे, तुले ऑफिसात बसवून काय करू मी? खुर्चीवर बसाले माझा भाचा आहे. असं काम करनारा मानूस दुसरा कुठी आहे मायाजवळ? सिरोंच्याकडे मोठं काम आहे. अकरा महिने. तूच पाहिजे."

त्यांना तो माझा गौरव वाटत होता, म्हणून मला भांडताही आलं नाही. मी हो म्हणालो.

निघताना तानाबाईने एका फडक्यात वाळवलेला मोह बांधून दिला. "पानी आला का पूल पाहाले या," म्हणाली. गेलो नाही. सिरोंच्याला असताना काम, मग त्यापुढचं काम. नाल्याला पूर आल्यावर माझ्या पुलाखालून पाणी कसं जातं, ते मी अजून पाहिलेलं नाही.

नवीन पोरं विचारतात, सर, काँट्रॅक्टवर काम करावं का? करा, म्हणतो. वडशाने मला माणसं मोजायला शिकवलं, माजरीने सामान, आणि त्या नाल्याने विचारायला शिकवलं. कायमच्या नोकरीत हे शिकायला जन्म गेला असता. फक्त एक लक्षात ठेवा. कुठेही नेऊन सोडलं तरी काम उरकतो, असं तुमचं नाव झालं की तुम्हाला कुणी एका जागी बसू देत नाही.

सिरोंच्याला पोचल्यावर पंधरा दिवसांनी शशीचं पत्र आलं. क्वार्टरबद्दल एक अक्षर नव्हतं. खाली पाऊल होतं, नेहमीसारखं. मी पट्टी लावली. तेरा सेंटिमीटर चार. नवीन डायरी उघडली, पहिल्या पानावर साइटचं नाव लिहिलं आणि त्याखाली तो आकडा.