टाकांशेजारी ठेवलेली पिन

"खिशात काय ठेवलं होतं?" डॉक्टरांनी यांना विचारलं. आमचं आजारपण त्या प्रश्नापासून सुरू झालं असं मी धरते. त्याआधी ते नुसतं भाजणं होतं.

यांच्या उजव्या मांडीवर रुपयाएवढा तांबडा चट्टा आला. "वेल्डिंगची ठिणगी असेल," म्हणाले. मी खोबरेल लावलं. मग फोड आला, फुटला, आणि जखम भरायचं नाव घेईना. आता मला सांगा, ठिणगीने भाजलं तर पॅन्टला भोक नको का पडायला? पॅन्ट धडधाकट आणि आतलं मांस काळं. मला तेव्हाच कसंतरी झालं होतं. पण बोलून दाखवलं की "तुझं आपलं काहीतरीच" ठरलेलं.

शेवटी नाशकातल्या एका दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर पूर्वी मुंबईत कॅन्सरला किरणं देतात त्या विभागात होते, हे आमचं नशीब. जखम त्यांनी वाकून सगळ्या बाजूंनी बघितली. मग खिशाचं विचारलं.

"पट्टी, खडू, तंबाखूची डबी," हे म्हणाले. "आणि एक पिन सापडली होती कारखान्यात. चकचकीत, बोटाच्या पेराएवढी. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. पाळीभर खिशातच होती."

यांचा कारखाना सातपूरला, बॉयलरचे पाइप जोडायचा. जोड पक्का आहे का ते बघायला बाहेरची माणसं यंत्र आणून पाइपाचे फोटो काढत, आपल्या हाडांचे काढतात तसे. त्या यंत्राच्या पोटातला तो तुकडा निसटला होता.

"याला रेडिएशन बर्न म्हणतात," डॉक्टर म्हणाले. म्हणजे किरणांनी भाजणं. दिसत नाही, वास नाही, चटकाही बसत नाही. आतलं आत जाळत जातं. "जपानवर अणुबॉम्ब पडला तेव्हा लोकांना जे किरण लागले, त्याच जातीचे हे." मग त्यांनी विचारलं, "ती पिन आता कुठे आहे?"

यांनी माझ्याकडे बघितलं. मी यांच्याकडे.

आमच्यात खंडेनवमीला हत्यारं पुजतात. शेतकऱ्याचा कोयता-विळा, तसा यांचा पाना, हातोडी, छिन्नी. यांनी पाटावर सगळं मांडलं, त्यात पिनही मांडली. कामावर मिळालेली वस्तू, कामाचंच देणं. हळदकुंकू वाहिलं. दसरा झाल्यावर हत्यारं पेटीत गेली, पण पिन आत्याबाईंनी उचलली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सायखेड्याच्या. "चांदीवानी हाय, लक्ष्मी हाय ती," म्हणाल्या, आणि देवघरात कुळाच्या देवांचे टाक असतात त्यांच्या शेजारी ठेवली. तेव्हापासून रोज सकाळी टाकांबरोबर तिलाही आंघोळ, चिंचेनं घासणं, पुसणं. त्याच खोलीत आमची दोन्ही मुलं झोपायची.

"देवघरात," मी म्हणाले.

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "यांना मी इथेच ठेवून घेतो. तुम्ही घरी जा. सगळ्यांना बाहेर काढा. पिनीला हात लावायचा नाही, फेकायची नाही, गोदावरीत तर मुळीच सोडायची नाही. माणसं मी पाठवतो."

रिक्षात सगळा रस्ता माझ्या डोळ्यांपुढे सुमीचं अंथरूण. माझी पोरगी देवघराकडे डोकं करून झोपायची, आजीच्या घंटीने उठायची.

घरी पोचले तर दिवेलागण. पोरं जमिनीवर दप्तरं पसरून बसलेली. त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. आत्याबाई देवापुढे.

"आत्याबाई, उठा. बाहेर चला."

"वात लावते ना गं."

"राहू द्या वात!"

"अगं बया, नवऱ्याला दवाखान्यात टाकून आली न् माझ्या दिव्यावर उठली व्हय? आग लागली का घराला?"

"लागलीय. दिसत नाही एवढंच."

मी हात धरायला गेले तर त्यांनी झटकून पदराखाली घेतला. मी पदर ओढला. अंगठा आणि दोन बोटं टोकाला सुजून फोडाळलेली, कातडी मेणासारखी.

"चिंच लागलीय. लय नाय," त्या पुटपुटल्या. मी त्यांना तशाच उठवून ओट्यावर आणलं.

माणसं आली. त्यांच्या हातात एक डबा होता, किरणं मोजायचा. दारात तो सावकाश टकटक करत होता. देवघराकडे नेला तसा टकटक राहिलीच नाही, सलग एक करकर. गल्लीतल्या सगळ्यांनी ती ऐकली. लांब चिमट्याने पिन उचलून त्यांनी शिशाच्या पेटीत घातली. टाकांवरून डबा फिरवला, तो शांत.

मग रक्ततपासण्या. व्हाइट सेल काउंट म्हणजे पांढऱ्या पेशींची मोजणी. त्या रोगाशी लढतात, आणि किरण आधी त्यांनाच खातात. मुलांच्या पेशी उतरल्या होत्या. दर तपासणीला मी बाकावर बसून डॉक्टरांच्या दाराकडे बघत राही. खूप दिवसांनी डॉक्टर हसले. "चढतायत. पिन जुनी होती, जोर ओसरला होता. नवी असती तर..."

आत्याबाईंच्या दोन बोटांची पेरं काढावी लागली. यांना स्किन ग्राफ्टिंग झालं, म्हणजे दुसरीकडची कातडी काढून जखमेवर बसवणं. पाय वाचला, लंगडणं राहिलं.

गल्लीने मात्र आमच्याकडचं पाणी प्यायचंही बंद केलं. डॉक्टरांनी सांगून पाहिलं, "पिन गेली, किरण गेले. या माणसांपासून कुणाला काही होत नाही." कुणाला पटेना. तेव्हा शेजारच्या वेणूताई भर दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. "चहा टाक गं. आणि तुझ्याच कपात दे," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. तो चहा मी विसरणार नाही.

मुलांचं पुढे काय, विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "आज सांगता येत नाही. बघत राहू." तेव्हापासून मी बघतेच आहे. सुमीला साधा ताप आला तरी माझा हात तिच्या कपाळावरून निघत नसे. पुढे तिचं लग्न झालं, तिच्या बाळंतपणात मी धड झोपले नाही. बाळ चांगलं निघालं, तरी मी त्याची बोटं पुन्हा पुन्हा मोजली.

तुमच्या घरचं कुणी कारखान्यात, भंगारात कामाला असेल तर एवढं ऐका. चकचकीत सापडलं म्हणून घरी आणू नका. न भरणारी जखम लपवू नका.

आत्याबाई शेवटपर्यंत विचारायच्या, "टाकाशेजारी होतं, तरी देवानं कसं नाय सांगितलं?" पण आमच्याकडे खंडेनवमीला पाट आजही मांडतात. आता नातू हत्यारं ठेवतो आणि मी समोर बसते. एकेक वस्तू उचलून मी विचारते, "हे काय?" तो सांगतो, पाना, पक्कड, मीटर. ज्याचं नाव सांगता येत नाही, ते पाटावर चढत नाही.