फॉल म्हणजे पडणं
ताज्या ऑईलपेंटचा वास आला की मला लातूर आठवतं. जिल्हा नवा होता, जिकडंतिकडं पाट्या रंगत होत्या, आणि पावसानं दगा दिल्यामुळं शाळेच्या दारातसुद्धा पाण्याचा टँकर उभा होता. तिथल्या इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेसाठी आमचे इंग्रजीचे सर मला जळकोटहून घेऊन आले होते. स्टेजवर जाऊन मी पहिलंच वाक्य म्हटलं, "ड्रॉट फेल इन माय व्हिलेज." परीक्षक मोठ्यानं हसले. "दुष्काळ काय झाडावरून पडतो?" सगळं सभागृह हसलं. मला पुढचं काही आठवेना. तेवढ्यात मागच्या रांगेतून सर उठले. साहेब लोकांसमोर त्यांना बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. "साहेब, फॉल म्हणजे पडणं, हाव. पण इंग्रजीत बिफॉल बी हाय, संकट अंगावर येऊन कोसळणं. तो शब्द ह्याच फॉलमधून निघालाय. अन् आमच्याकडं दुष्काळ पडतोच की. लेकरू लई चुकलं न्हाई." परीक्षक म्हणाले, "बरोबर आहे, सर. बेटा, पुन्हा सुरुवात कर." मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि भाषण शेवटापर्यंत नेलं. बक्षीस दुसऱ्याच शाळेला गेलं. परतीच्या बसमध्ये सर हळूच म्हणाले, "माझे पाय अजून लटपटायलेत बघ." तेव्हा मला कळलं, तेही माझ्याइतकेच घाबरले होते. आज चारचौघांत इंग्रजी बोलताना चुकले तरी मी थांबत नाही, ते त्यांच्यामुळंच.