शुभेच्छुकांच्या खाली गूळ

मोठ्या माणसाविषयी लिहिण्याची माझी पात्रता नाही. चुकलं तर माफ करावं.

कडेगावात आमच्या शेजारचे काका गूळ करतात आणि दर वाक्याला समोरच्याच्या खांद्यावर थाप मारतात. मोबाइलवरची त्यांची जाहिरात लोक उघडायचे, पण गूळ कोणी घेत नसे. घर डब्यांनी भरलं, तेव्हा काकींनी बजावलं, "गूळ जाईस्तवर तुमी पडवीत झोपा."

मी जाहिरातीचं ते पान पाहिलं. चौकातल्या फ्लेक्ससारखे वर सगळे शुभेच्छुक पाहुणे फोटोसकट होते; गूळ आणि 'विकत घ्या'चं बटण पार तळाला.

"काका, गूळ वर घ्यायचा का?" मी चाचरत विचारलं.

"आन् पावण्यास्नी खाली ढकलू? लग्नात तोंड कसं दावू रं?" थाप.

पडवीत झोपून पाठ धरली, तेव्हा काकांनी पाहुण्यांचे फोटो पानावरून काढून टाकले. सासऱ्यांचा रागीट चेहरा तेवढा ठेवला. "ह्यो काढला तर पडवी बी जायची, गड्या."

परवा साताऱ्याला माझ्या हॉस्टेलवर काकांचा फोन आला. सगळा गूळ खपला होता. गिऱ्हाइकं 'त्या रागीट आजोबांचाच गूळ' मागतात, म्हणून सासरे देखरेखीला कायमचे राहायला आलेत.

"मग आता घरात झोपता ना?"

"पलंगावर त्ये असत्यात," काका म्हणाले.