नवसाची बारीक बाई

टेकडीवरच्या चर्चमागे नवसाची खोली आहे. तिच्या छताला, भिंतींना लाकडी पाय, हात, डोकी, छात्या टांगलेल्या. वारा आला की त्या एकमेकांवर हलकेच आपटतात. यातल्या बऱ्याचशा झुईलाच्या हातच्या. माणसे तिच्याकडे येऊन दुखणे सांगत आणि ती तो गुडघा, ते गळू, ते वाकडे बोट लाकडात उतरवून देई. दुखणे बरे झाले की ते टांगून नवस फेडायचा. बरे होण्याआधी टांगायचे नाही, हे तिथले लहान मूलही सांगेल.

झुईलाने नेमके तेच केले.

ती अंगाने दांडगी होती. लाकूड निवडायला उभी राहिली की शेजारीण क्रेउझा म्हणायची, "तुला कोरायचं तर अख्खं झाड पाडावं लागेल गं!" झुईलाही हसायची. हसून झाले की झगा खाली ओढायची. पुढे आरोग्य केंद्रातल्या नर्सने तिच्या रक्तात साखर वाढल्याचे सांगितले. वेळेवर जेवा, रोज चाला, गोळी चुकवू नका. झुईलाने त्यातून एवढाच अर्थ काढला, की हे शरीर टाकून द्यायचे.

तिने स्वतःची मूर्ती कोरली. निमुळती कंबर, सपाट पोट. गिऱ्हाइकाला कधीच देत नसे असे मऊ, पांढरे लाकूड घेतले, कारण टणक लाकडात तिला इतके बारीक होता येईना. कुणाला न सांगता ती मूर्ती टांगून आली आणि जेवण सोडले. सकाळी काळी कॉफी, दुपारी काळी कॉफी. काही दिवसांनी भूकच लागेनाशी झाली.

अंग उतरले. बाजारात बायका म्हणाल्या, "छान दिसायला लागलीस." पण बोटे बधिर होत चालली. एकदा पटाशी घसरून अंगठ्यात रुतली, आणि रक्त लाकडावर ठिबकले तेव्हा कुठे तिला कळले. हातच गेले तर तिच्यापाशी उरणार काय होते?

भर दुपारी ती आपली मूर्ती पाहायला टेकडी चढली. वारा पडलेला. सगळे हातपाय निश्चल. त्या शांततेत कुणीतरी खात होते. कुर्र, कुर्र. सावकाश, चवीने. तिने एकेका डोक्याला कान लावून पाहिला. आवाज तिच्याच मूर्तीतून येत होता.

"तुम्हालाही ऐकू येतंय ना?" दारातून अब्दियासकाका म्हणाले. खोलीच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत. "बरेच दिवस चाललंय. फळला का हिचा नवस, झुईलाबाई?"

"नाही, काका."

"मग न्या हिला. न फळलेलं इथं स्वस्थ बसत नाही."

मूर्ती कागदासारखी हलकी लागली. अंगठा टेकताच ते सपाट पोट आत गेले आणि पिवळट भुगा ओघळला. किडीने आतले सगळे खाल्ले होते. बाहेरून एक ओरखडा नव्हता.

खाली येताच क्रेउझाने तिला पाहिले. "कुणाला पुरून आलीस?"

"जवळजवळ मलाच."

क्रेउझा हसली नाही. तिने घेवडा-भोपळ्याची थाळी पुढे सरकवली. "नर्सनं चालायला सांगितलं होतं बये, झिजायला नाही. उद्यापासून धरणापर्यंत मी येते सोबत."

"अख्खं झाड पाडावं लागेल म्हणायचीस."

"म्हणायचे. जळलं माझं तोंड. खा आता."

धरणाच्या वाटेवर आधी पाय सुजत, मग सुजेनासे झाले. बोटांत मुंग्या आल्या, मागोमाग स्पर्श आला. तेव्हा झुईलाने टणक लाकूड काढले. माप घ्यायला पोटावरून, मांड्यांवरून तळहात फिरवला, गिऱ्हाइकाच्या गुडघ्यावरून फिरवायची तसाच. घाई नाही, किळस नाही. पोट पूर्वीपेक्षा थोडेसे उतरले होते. तेवढेच उतरवून कोरले.

या मूर्तीला जाड दोरी लागली.

"फळला?" काकांनी विचारले.

"फळला. बोटं परत आली."

मूर्ती टांगून ती दारात पोचली तोच वारा सुटला. हातपाय एकमेकांवर आपटू लागले. तिची मूर्ती मात्र हलली नाही. वारा थांबेपर्यंत झुईला तिथेच उभी राहिली, मग तिने कान दिला. खाण्याचा आवाज नव्हता.

भूक लागली होती, ती तिलाच.